आम्ल किती, यापेक्षा आम्ल कुठे

१९८०च्या दशकाच्या मध्यात बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये, म्हणजे इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या कारखान्यात, झायलीन तयार करणाऱ्या संचात पुण्यात संशोधिलेला एक उत्प्रेरक वापरात आला. त्याचे नाव एन्सिलाइट; तो झिओलाइट या प्रकारातला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला होता. सिमेंटसाठी सर्वांना ठाऊक असलेली एसीसी आणि खुद्द आयपीसीएल हे या कामातले भागीदार. प्रक्रियेला झायलोफायनिंग असे नाव मिळाले. पेट्रोरसायनांच्या कारखान्यांतले उत्प्रेरक तोवर आपण बहुतेक परदेशांतूनच आणत होतो. त्यामुळे या घटनेची नोंद स्वदेशी तंत्रज्ञानाचे यश म्हणून झाली, आणि ती योग्यच होती. पण त्या पांढऱ्या गोळ्यांच्या आत नेमके काय काम करत होते, हा प्रश्न मात्र रसायनशास्त्राच्या वर्गाबाहेर फारसा कोणी विचारला नाही. उत्तर एका शब्दात देता येते: आम्ल. बाटलीतले, धूर सोडणारे, हात भाजणारे आम्ल नव्हे. दगडाच्या सांगाड्यात अणूअणूने बसवलेले आम्ल. त्याच्याविषयी एक समजूत सार्वत्रिक आहे, की आम्ल जितके तीव्र आणि जितके जास्त तितका उत्प्रेरक चांगला. बडोद्यात या विषयावर जे काम झाले तेच या समजुतीविरुद्धचा पुरावा आहे. हायड्रोकार्बनच्या जोडीला मिथेनॉल आला, की तो पुरावा अधिकच बळकट होतो.

आधी झायलीनची गोष्ट. बेंझीनच्या सहा कार्बनांच्या वलयाला दोन मिथाइल गट जोडले की झायलीन होते. ते दोन गट शेजारी असतील तर ऑर्थो, एक घर सोडून असतील तर मेटा आणि समोरासमोर असतील तर पॅरा. तिघांचे अणू तेच, वजन तेच. पॅरा १३८ अंश सेल्सिअसला उकळते, मेटा १३९ला, ऑर्थो १४४ला. मेटा आणि पॅरा यांना ऊर्ध्वपातनाने वेगळे करणे म्हणूनच व्यवहारात अशक्य. बाजार मात्र पॅराचा आहे. पॉलिस्टरचा धागा आणि पाण्याच्या बाटल्या ज्या टेरेफ्थॅलिक आम्लापासून होतात ते पॅरा-झायलीनपासून मिळते. आयपीसीएलची स्थापना १९६९ची. तिच्या बडोदे संकुलात सत्तरच्या दशकात जे पहिले संच उभे राहिले त्यांत डीएमटीचा संच होता, आणि डीएमटी म्हणजे याच टेरेफ्थॅलिक आम्लाची मिथेनॉलशी घातलेली गाठ. मिथेनॉल बडोद्याच्या पेट्रोरसायनांत असा पहिल्यापासूनच आहे, फक्त झिओलाइटच्या दारातून आलेला नाही. निसर्गाच्या समतोलात तिन्ही झायलीनांचे प्रमाण ठरलेले असते. मेटा निम्म्याहून थोडे अधिक आणि पॅरा जेमतेम चोवीस टक्के. ज्याला गिऱ्हाईक आहे ते एक चतुर्थांशही नाही. पुढचे सारे या विषम वाटणीतून निघते.

झिओलाइट हे खनिज मराठी माणसाच्या पायाखालचे आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात वायूच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट यांचे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव या जिल्ह्यांतले नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत आणि सिन्नरचे गारगोटी संग्रहालय त्यांवरच उभे आहे. कारखान्याला लागणारा झिओलाइट मात्र खाणीतून येत नाही, कारण त्याला छिद्रे एकसारखी हवीत आणि शुद्धता हवी. तो भांड्यात, दाबाखाली, गरम पाण्यात स्फटिकवून घ्यावा लागतो. रचना मात्र त्याच घराण्याची: सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, ते चौघे पुढच्या सिलिकॉनला जोडलेले, आणि या जाळ्यात ठरावीक रुंदीचे बोगदे. अशा निव्वळ सिलिकाच्या जाळ्यात आम्लता जवळपास नसते. ती येते अ‍ॅल्युमिनियममुळे. एखाद्या सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसला की एक धन प्रभार कमी पडतो आणि ती तूट भरायला कोणीतरी धन आयन जवळ ठेवावा लागतो. तिथे सोडियम ठेवला तर झिओलाइट थंड. तिथे प्रोटॉन ठेवला, म्हणजे हायड्रोजनचा उघडा केंद्रक, तर तीच जागा आम्ल होते. एक अ‍ॅल्युमिनियम, एक आम्लस्थान, असा हा सरळ हिशेब आहे.

या हिशेबाचा सर्वांत स्वच्छ पुरावा १९८४ साली ‘नेचर’मध्ये आला. मोबिल कंपनीच्या हाग, लागो आणि वाइझ यांनी झेडएसएम-५ या झिओलाइटचे अनेक नमुने घेतले. काहींत अ‍ॅल्युमिनियम नावापुरता, काहींत भरपूर. प्रत्येकावर हेक्झेन हा हायड्रोकार्बन तोडून पाहिला. तोडण्याचा वेग अ‍ॅल्युमिनियमच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढला. म्हणजे झेडएसएम-५मध्ये आम्लस्थाने एकमेकांपासून पुरेशी दूर असली, की प्रत्येक स्थान सारखेच काम करते; दुप्पट स्थाने, दुप्पट काम. हे वाचल्यावर कोणीही म्हणेल की मग अ‍ॅल्युमिनियम घाला भरपूर. हेक्झेन तोडणे एवढेच काम असेल तर या म्हणण्यात चूक नाही. झेडएसएम-५च्या स्फटिकाच्या एका घटकात सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमसाठी ९६ जागा असतात. अ‍ॅल्युमिनियममागे ९५ सिलिकॉन ठेवले तर घटकात एक आम्लस्थान येते, ३१ ठेवले तर तीन. रसायनज्ञाच्या हातात असलेली ही सोपी कळ आहे. पण ती फिरवल्यावर केवळ वेग बदलत नाही. ज्या अभिक्रियेत एकाहून अधिक पदार्थ निघू शकतात, तिथे कोणता पदार्थ निघणार हेही बदलते. संख्येचा हिशेब तिथे अपुरा पडतो.

झायलोफायनिंगमध्ये आम्लाचे काम समजायला सोपे आहे. पॅरा काढून घेतल्यावर उरलेले मेटा आणि ऑर्थो पुन्हा उत्प्रेरकावरून जाते. प्रोटॉन वलयावर बसतो, वलयाची पकड सैल होते, मिथाइल गट शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि प्रोटॉन निघून जातो. असे सरकत सरकत मिश्रण पुन्हा चोवीस टक्क्यांच्या समतोलाला पोहोचते. पॅरा पुन्हा काढून घ्यायचे, उरलेले पुन्हा फिरवायचे. इथे आम्ल हवे, मुबलक हवे आणि जिथे असेल तिथे चालते. आतल्या बोगद्यात बसलेला प्रोटॉन आणि स्फटिकाच्या बाहेरच्या अंगावर बसलेला प्रोटॉन दोघेही एकाच दिशेने, समतोलाकडेच ढकलतात. दोष एवढाच की या वाटेने समतोलाच्या पलीकडे कधीच जाता येत नाही. चोवीस टक्के पॅरा आणि शहात्तर टक्के फेरफटका, असा हा कारभार असतो.

आता मिथेनॉल आणू. टोल्युइनच्या वलयाला एक मिथाइल गट आधीच असतो. मिथेनॉलने दुसरा दिला की झायलीन होते आणि पाणी बाजूला पडते. झिओलाइटचा प्रोटॉन इथे वलयाला नाही, मिथेनॉलला धरतो. मिथेनॉलमधला पाण्याचा अंश सुटतो, उरलेला मिथाइल गट धन प्रभाराच्या ओढीने टोल्युइनच्या वलयावर जाऊन बसतो. झेडएसएम-५चे बोगदे साधारण ०.५५ नॅनोमीटर रुंद आहेत. सडपातळ पॅरा-झायलीन त्यांतून निसटते, तर रुंद मेटा आणि ऑर्थो अडखळतात. पॅराचा त्या बोगद्यांतला वेग त्यांच्या सुमारे हजारपट असल्याचे सांगितले जाते. तेव्हा बाहेर पडणारे सगळे पॅराच असायला हवे. साधा झेडएसएम-५ घेतला तर तसे होत नाही. हाती येते ते समतोलाच्या आसपासचेच मिश्रण. कारण बाहेरच्या अंगावर आम्लस्थाने आहेत. जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलेली रिकामटेकडी मंडळी जशी आतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्याच्या कामात ढवळाढवळ करतात, तसे बाहेरचे प्रोटॉन नुकत्याच सुटलेल्या पॅराला गाठतात आणि त्याचा मिथाइल गट पुन्हा मेटाच्या जागी सरकवून देतात. झायलोफायनिंगमध्ये जो प्रोटॉन पगार घेऊन काम करत होता तोच इथे काम बिघडवतो. रसायन तेच, आम्लही तेच. बदलली ती जागा आणि अपेक्षा.

उपाय आम्ल वाढवण्यात नाही, बाहेरचे आम्ल मुके करण्यात आहे. बोगद्यात शिरू न शकणारे सिलिकॉनचे संयुग वाफेच्या रूपात झिओलाइटवरून सोडतात आणि ते बाहेरच्या अंगावर सिलिकाचा पातळ थर होऊन बसते. बाहेरचे प्रोटॉन झाकले जातात, बोगद्यांची तोंडेही किंचित अरुंद होतात, आतले प्रोटॉन मात्र तसेच राहतात. बडोद्यात आयपीसीएलच्या संशोधन केंद्रात ए. बी. हलगेरी, जगन्नाथ दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हे काम केले, पण मिथेनॉलच्या थोरल्या भावावर, इथेनॉलवर. इथाइलबेंझीन आणि इथेनॉल यांची अभिक्रिया छिद्रांची तोंडे नियंत्रित केलेल्या झिओलाइटवर घडवून पॅरा-डायइथाइलबेंझीन हे एकच रूप प्राधान्याने मिळवायचे, अशी ही प्रक्रिया होती आणि ती औद्योगिक पातळीवर पोहोचली. या पदार्थाचा उपयोगही मजेशीर आहे. झायलीनच्या मिश्रणातून पॅरा शोषून घेणारे जे संच असतात, त्यांत शोषलेले पॅरा सोडवून बाहेर आणण्यासाठी तो वापरतात. तो १८४ अंशांना उकळतो, त्यामुळे नंतर पॅरा-झायलीनपासून सहज वेगळा होतो. आणि त्या संचातला शोषक कोणता? तोही झिओलाइटच. पण त्यात प्रोटॉनऐवजी पोटॅशियम-बेरियमसारखे आयन बसवलेले असतात, कारण तिथे आम्लाचा लवलेशही राहिला तर वेगळे केलेले झायलीन पुन्हा मिसळायला लागेल. एका पॅरा-झायलीनच्या प्रवासात झिओलाइट असा तीन वेषांत भेटतो. एकदा पूर्ण आम्ल, एकदा फक्त आतून आम्ल आणि एकदा बिलकुल आम्ल नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हे सगळे छिद्रांच्या आकाराचे कर्तृत्व आहे, आम्लतेला उगाच श्रेय का द्यायचे? झिओलाइटची कीर्तीच मुळी रेणूंच्या चाळणीची आहे. शिवाय वरच्या उपायात थर दिल्याने तोंडेही अरुंद झाली, तेव्हा फरक आम्लामुळे पडला की रुंदीमुळे, हे कसे ठरवायचे? १९८१ साली मोबिलच्या केडिंग आणि सहकाऱ्यांनी फॉस्फरस आणि इतर मूलद्रव्यांनी संस्कारित केलेल्या झेडएसएम-५वर टोल्युइन आणि मिथेनॉलपासून नव्वद टक्क्यांहून अधिक पॅरा मिळवून दाखवले. तो निकाल या वादात नेहमी साक्षीला आणतात. माझ्या मते तो साक्षीदार म्हणून निकामी आहे. फॉस्फरस तीव्र आम्लस्थाने सौम्य करतो आणि बोगदेही आवळतो. दोन्ही एकदम बदलल्यावर कोणाचे काय हे सांगता येत नाही. साक्ष हवी तर अशी जोडी हवी जिच्यात आकार तोच आणि आम्ल वेगळे.

तशी जोडी उपलब्ध आहे. सापो-३४ आणि एसएसझेड-१३ या दोन पदार्थांचा सांगाडा एकच. त्याच पोकळ्या आणि त्यांतून बाहेर काढणाऱ्या सुमारे ०.३८ नॅनोमीटरच्या त्याच खिडक्या. फरक जडणघडणीत आहे. एसएसझेड-१३ सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमचा आणि तीव्र आम्ल, सापो-३४मध्ये फॉस्फरसही सांगाड्यातच विणलेला आणि त्याची आम्लता सौम्य. दोघांवर मिथेनॉल सोडला तर दोघेही इथिलीन-प्रोपिलीन देतात. पण तीव्र आम्लाच्या एसएसझेड-१३वर हायड्रोजनची देवघेव अधिक होते, प्रोपिलीनऐवजी निरुपयोगी प्रोपेन जास्त निघते आणि पोकळ्या काजळीने लवकर भरतात. चाळणी तीच असताना निकाल वेगळा लागला. मिथेनॉलपासून ऑलेफिन, म्हणजे इथिलीन-प्रोपिलीनसारखी संयुगे, बनवणाऱ्या उद्योगाने सौम्य सापो-३४ निवडला तो यामुळेच. याहून ठळक दाखला दुसऱ्या टोकाचा आहे. रुंद छिद्रांच्या एक्स-झिओलाइटमध्ये प्रोटॉनऐवजी सीझियम बसवला की तो आम्ल राहत नाही, अल्कली होतो. त्यावर तेच टोल्युइन आणि तेच मिथेनॉल सोडले तर झायलीन जवळपास होतच नाही. मिथेनॉल आधी हायड्रोजन गमावून फॉर्माल्डिहाइड होतो आणि वलयावर न बसता टोल्युइनच्या मिथाइल गटालाच जाऊन चिकटतो. हाती येतात स्टायरीन आणि इथाइलबेंझीन. साठच्या दशकापासून हे माहीत आहे. आकार दारावर कोणाला सोडायचे ते ठरवतो हे खरेच, पण आत काय घडायचे हे आम्ल ठरवते. दाराचा पहारा कितीही कडक असला तरी आत जे बनलेच नाही ते बाहेर कसे येणार?

मिथेनॉलची खरी अडचण त्याच्या स्वभावात आहे. त्याला टोल्युइनची वाट पाहायची सवय नाही. आम्लस्थानावर टोल्युइन वेळेवर पोहोचले नाही तर दोन मिथेनॉल एकमेकांत मिसळून डायमिथाइल ईथर आणि पाणी होतात, आणि तिथून पुढे गाडी इथिलीन, प्रोपिलीन, मग वलये आणि शेवटी काजळी अशी घसरत जाते. हा रस्ता कसा चालतो यावर वीस-पंचवीस वर्षे वाद झाला. नव्वदच्या दशकात ऑस्लोच्या दाल आणि कोल्बो यांनी मांडलेली कल्पना आता रुजली आहे: मिथेनॉलचे रेणू थेट एकमेकांना जोडले जात नाहीत. छिद्रांत अडकून पडलेली हायड्रोकार्बनची वलये मिथेनॉलकडून मिथाइल गट घेत राहतात आणि इथिलीन-प्रोपिलीनच्या रूपाने ते झटकून टाकतात. काम करणारा उत्प्रेरक म्हणजे एकटा प्रोटॉन नव्हे. प्रोटॉन आणि त्याच्या शेजारी अडकलेले हायड्रोकार्बन अशी ती जोडगोळी आहे. पुढे असेही दिसले की झेडएसएम-५मध्ये दोन चक्रे शेजारी-शेजारी फिरतात. एक या वलयांचे, दुसरे लांब ऑलेफिनांचे. आम्लस्थाने दाट असली तर बाहेर पडणाऱ्या ऑलेफिनला वाटेत पुन्हा पुन्हा प्रोटॉन भेटतो, हायड्रोजनची देवघेव होते आणि वलये वाढतात. स्थाने विरळ असली तर ऑलेफिन निसटते. म्हणून मिथेनॉलपासून पेट्रोल करायचे असेल तर तुलनेने दाट आम्ल, आणि प्रोपिलीन करायचे असेल तर सिलिकॉन खूप वाढवून विरळ केलेले आम्ल. झिओलाइट दोन्हीकडे झेडएसएम-५च. हेक्झेनच्या बाबतीत जी कळ फक्त वेग ठरवत होती ती इथे कारखान्याचा माल ठरवते.

कोणी म्हणेल, आम्ल कमी तितके बरे असेल तर ते काढूनच टाका. अ‍ॅल्युमिनियम नसलेला झेडएसएम-५ बनवता येतो. बोगदे अगदी तसेच असतात आणि मिथेनॉल त्यातून गेला तरी हायड्रोकार्बन म्हणून सांगण्यासारखे काही होत नाही. शिवाय दाट आम्लाने न्यूझीलंडमध्ये खरोखरच पेट्रोल बनवले. मोटुनुईचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल आणि मिथेनॉलपासून दिवसाला साडेचौदा हजार पिंप पेट्रोल. तिथेही आम्लाने आपली खोड दाखवलीच. वलयांवर मिथाइल गट चढत चढत चार झाले की ड्युरीन होते. तो ७९ अंशांना वितळतो, म्हणजे गाडीच्या टाकीत त्याचे खडे होऊ शकतात. पेट्रोलमधला ड्युरीन दोन टक्क्यांच्या खाली आणण्यासाठी वेगळी प्रक्रिया जोडावी लागली.

दुसरा आक्षेप कारखान्यातल्या माणसांचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. प्रयोगशाळेत मोजलेली आम्लता संचात टिकते कुठे? मोजण्याच्या रीती चांगल्या आहेत. झिओलाइटला अमोनिया पाजायचा आणि तापवत न्यायचे. सौम्य स्थानांवरचा अमोनिया दोनशे अंशांच्या आसपास सुटतो, तीव्र स्थानांवरचा चारशेच्या आसपास. पिरिडीन चिकटवून अवरक्त किरणांनी पाहिले तर प्रोटॉनवाली स्थाने आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमची स्थाने वेगळी ओळखता येतात. पिरिडीनचाच एक भारी देहाचा नातेवाईक आहे, दोन बाजूंना मोठे गट लावलेला. तो झेडएसएम-५च्या बोगद्यात शिरूच शकत नाही, त्यामुळे तो बाहेरचीच स्थाने मोजतो. पण मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू निघतो. चार-पाचशे अंशांची ती वाफ सांगाड्यातला अ‍ॅल्युमिनियम हळूहळू उपटते. काजळी जाळताना तापमान आणखी चढते. पहिल्या दिवशी मोजलेला आकडा काही महिन्यांनी खोटा ठरतो. हे सगळे मान्य. पण यातून आम्लता गौण ठरत नाही. उलट ती आणखी एका अर्थाने, काळाच्या अर्थाने, मोजावी लागते. बडोद्याशेजारच्या कोयलीच्या गुजरात रिफायनरीत जड तेल तोडणारा जो संच आहे त्याच्या घराण्यातले सर्व संच वाय-झिओलाइटची उकळती पूड एका भांड्यातून दुसऱ्यात फिरवतात, काजळी जाळतात, परत आणतात आणि थोडी ताजी पूड रोज भरतात. तिथला अभियंता ताज्या उत्प्रेरकाच्या आम्लतेवर विसंबत नाही, वाफेने मुरलेल्या उत्प्रेरकाच्या आम्लतेवर विसंबतो. मिथेनॉलपासून ऑलेफिन करणाऱ्या चिनी संचांनी हीच फिरती पद्धत उचलली आहे.

उरला पैशाचा आक्षेप. मिथेनॉलमध्ये वजनाच्या ३२ भागांपैकी १८ भाग पाणी होऊन जातात. राहिलेल्या १४ भागांचे हायड्रोकार्बन, तेही काहीच वाया गेले नाही असे धरून. म्हणजे एक टन ऑलेफिनला किमान २.३ टन मिथेनॉल लागणार. बाओटो इथला शेनहुआचा कारखाना २०१०मध्ये सुरू झाला तो वर्षाला १८ लाख टन मिथेनॉलमागे ६ लाख टन ऑलेफिन या हिशेबाने, टनामागे तीन टन. चीनमध्ये कोळसा स्वस्त म्हणून हे जमले. न्यूझीलंडमध्ये खनिज तेल स्वस्त झाल्यावर पेट्रोल बंद पडले आणि कारखाना मिथेनॉलच विकू लागला. भारतात बडोद्याच्या जीएसएफसीकडे आणि भरूचच्या जीएनएफसीकडे मिथेनॉलचे संच आहेत, तरी देशाची बहुतेक गरज आयातीतून भागते. आयात केलेल्या मिथेनॉलपासून पॅरा-झायलीन करणे हा आज आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण २.३ आणि ३ यांच्यामध्ये जो पाऊण टनाच्या आसपासचा फरक आहे तो बाजारभावाने ठरत नाही. इथे जाळलेली काजळी, तिथे निघालेले प्रोपेन, असल्या सगळ्याची बेरीज म्हणजे तो फरक, आणि त्यातला मोठा वाटा आम्लस्थानांच्या संख्येचा, तीव्रतेचा आणि जागेचा आहे. भाव दिल्लीत किंवा आखातात ठरतो, आम्ल भट्टीत ठरते. या दोहोंपैकी आपल्या हातात दुसरेच आहे.

हे हातात असणे बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले तेव्हा रंगाई आणि रसायन हे कारागिराच्या मुलाने शिकायचे विषय ठरले. आयपीसीएल २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली, पण झायलोफायनिंगचे आणि पॅरा-डायइथाइलबेंझीनचे शोधनिबंध ग्रंथालयांत आहेत, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या रसायन विभागांत विद्यार्थी आहेत आणि नंदेसरीत उत्प्रेरक बनवणारा कारखाना आहे. एप्रिल २०२२मध्ये आसामच्या तिनसुकियात मिथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रायोगिक वापर सुरू झाल्यापासून मिथेनॉलच्या अर्थव्यवस्थेवर भाषणे वाढली आहेत. त्यांत टनांचे आकडे असतात, उत्प्रेरकाचा शब्द क्वचित असतो. पुढच्या वेळी अशी घोषणा वाचाल तेव्हा एवढे विचारून पाहा: उत्प्रेरक कोणता, तो कोण बनवणार, आणि हजार तास वाफ खाल्ल्यावर त्याच्या आत किती आम्ल उरते हे कोणी मोजले आहे?